गुरुवारी भोंगा वाजत नाही

माझ्या सर्व्हिस बुकात एकच शेरा लाल शाईत आहे. ‘शिक्षकाने तपासणीच्या वेळी वर्गाकडून गोंगाट करविला.’ तेहतीस वर्षं नोकरी केली. जनगणनेत माणसं मोजली, माणसं संपली तेव्हा शेळ्या मोजल्या, देवीच्या लशीला पोरं धरून दिली, मतपेट्या डोक्यावरून वाहिल्या. त्याबद्दल कुठे ब्र नाही, आणि हे मात्र लाल शाईत.

संपादकांनी मला शाळेतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती लिहितो. पण मी संतापलेला माणूस आहे आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तो संताप निवृत्त झालेला नाही, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं.

आमची शाळा चिंचवडच्या अलीकडे, कारखान्यांच्या भिंती आणि कामगारांच्या चाळी यांच्या मधोमध. आधी ती जिल्हा परिषदेची होती, मग नगरपालिकेची झाली. मालक बदलले, पत्रे तेच गळत राहिले. मी आलो तेव्हा समोर ज्वारी होती. एका शनिवारी शाळेला कुलूप लावून गेलो, सोमवारी येऊन बघतो तर ज्वारीच्या जागी कंपाऊंड आणि कंपाऊंडच्या आत भोंगा. कुणी म्हणेल असं दोन दिवसांत होत नाही. आमच्याकडे झालं.

कारखान्याबरोबर माणसं आली. सातारा, बीड, लातूर, रत्नागिरी, जिथून एसटी सुटते तिथून आली. एका खोलीत सहा माणसं, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. आणि त्यांची पोरं माझ्या दुसरीच्या वर्गात. पटावर अठ्ठावन्न, बसायला जागा तीस जणांना, त्यामुळे प्रत्येक पोर अर्धं दुसऱ्याच्या मांडीवर.

आता गंमत अशी की ही अठ्ठावन्न पोरं आवाज करत नव्हती. मी वर्गात शिरलो की हाताची घडी, तोंडावर बोट. मी सांगायच्या आधी. मी बाहेर गेलो तरी तोंडावर बोट तसंच. पहिल्या वर्षी मला वाटलं, हा माझा दरारा. माझा आवाज त्या काळी असा होता की मी चिंचवडला ‘एक साथ’ म्हटलं की देहूरोडची पलटण ‘नमस्ते’ म्हणायची. तेव्हा पोरं घाबरत असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि मिशीवरून हात फिरवला. त्या वर्षी साहेबांनी, म्हणजे शाळा तपासायला येतात त्या शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांनी, लिहिलं, ‘शिस्त अनुकरणीय.’ निळ्या शाईत. मी तो शेरा बायकोला दोनदा वाचून दाखवला. आज त्याची लाज वाटते.

माझे डोळे उघडले ते गजराबाईंमुळे. गजराबाई पुनावळ्याच्या, शाळेत पाणी भरायच्या आणि सगळ्या चाळींची बित्तंबातमी ठेवायच्या. मी एकदा त्यांच्यापुढे शिस्तीची फुशारकी मारली.

त्या म्हणाल्या, “कसली शिस्त आन् कसलं काय. आवं गुरुजी, रातपाळीचा बाप घरात झोपल्याला असतोय. पोरगं पाटीवर पेन्शील घासाय लागलं तरी आय डोळं वटारती. त्या पोरास्नी बोलायचं शिकिवलंच न्हाई कुणी. गप बसाय शिकिवलंय.”

मी त्या दिवशी वर्गात जाऊन नीट बघितलं. ती शिस्त नव्हती. ती अठ्ठावन्न पोरं श्वास रोखून बसली होती. सकाळी सातला बाप तिसरी पाळी करून येतो, आठला झोपतो, तो तीनला उठून पोरं घरी यायच्या आत ओव्हरटाइमला जातो. खोली एकच. अकरापर्यंत पोरांनी पिसासारखं राहायचं, मग शाळेत यायचं आणि तिथे आम्ही सांगणार, तोंडावर बोट. सुट्टीला तरी बाप भेटावा, तर तेही नाही. विजेची टंचाई म्हणून आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी आणि शाळेला रविवारी. बापाला वार मोकळा तेव्हा पोर शाळेत. बाप आणि पोर ही दोन्ही एकाच खोलीत राहून एकमेकांना कधी जागी भेटत नसत.

परवा एका शिबिरात पुण्याच्या विद्वान बाई सांगत होत्या की मुलांना आपल्या भावना ओळखायला आणि बोलून दाखवायला प्राथमिक शाळेतच शिकवलं पाहिजे, त्याला मानसिक आरोग्य म्हणतात. मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. बाई बरोबर बोलत होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. राग याचा की आमच्या वेळी याला नाव नव्हतं. नाव नव्हतं म्हणून वेळापत्रकात रकाना नव्हता, आणि रकाना नव्हता म्हणून मी जे शिकवलं तो गोंगाट ठरला.

मी काय केलं ते सांगतो. रोजची हजेरी झाली की दुसरी हजेरी घ्यायची. मनाची. पोरांना ‘तुला कसं वाटतंय’ विचारून उपयोग नव्हता, कारण तो प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. पण पाळ्या त्यांना पाठ होत्या. म्हणून मी सांगितलं, मन ताजंतवानं असेल तर म्हणायचं ‘फस्ट शिफ्ट’. बरं आहे, चाललंय, तर ‘सेकंड’. आणि मला कुणी हात लावू नका असं वाटत असेल तर ‘थर्ड’. आठ दिवसांत पोरांनी माझ्या पुढे मजल मारली. एक दिवस पहिल्या रांगेतला पोरगा म्हणाला, “गुरुजी, ब्रेकडाउन.” आणि रडायला लागला. त्याची शेळी मेली होती. मग आम्ही ठरवलं, ज्याचं ब्रेकडाउन झालंय त्याच्या शेजारी दोन फिटर जाऊन बसतील. फिटरने काही विचारायचं नाही, समजूत घालायची नाही, नुसतं खेटून बसायचं. या फिटरांची मुकादम होती शकुंतला, नऊ वर्षांची, दोन वेण्या, नजर अशी की कुणाचं मशीन बंद पडणार ते तिला आदल्या दिवशी कळायचं.

हेही सांगतो, एकदा अख्ख्या वर्गाने थर्ड शिफ्ट सांगितली, झाडून अठ्ठावन्न जणांनी. दुसऱ्या दिवशी समोरच्या कारखान्याला टाळं लागलं. पुढाऱ्यांच्या आधी माझ्या दुसरीला कळलं होतं.

एक पालक तर बाह्या सरसावून आला. “मास्तर, काय शिकवता पोरांना? मी हात उगारला तर पोरगं म्हणतं, बाबा, तुमची थर्ड चालू आहे, थोड्या वेळानं मारा.”

मी विचारलं, “मग मारलंत का?”

“छे. हसूच आलं ना राव,” असं म्हणून तो मघाच्याइतकाच रागाने निघून गेला.

आणि दुसरा उपाय भोंगा. दुपारी तीनला पहिली पाळी सुटायची. भोंगा सबंध मिनिटभर वाजायचा, असा की फळ्यावरची अक्षरं थरथरायची. मी ठरवलं, त्या मिनिटात पोरांनी ओरडायचं. पोटापासून, जे आत साठलंय ते. भोंग्यात कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे कुणी रागवत नाही. पहिल्या दिवशी कुणाच्या तोंडून आवाज फुटला नाही. महिन्याने अशी वेळ आली की भोंगा आमच्यात बुडायचा. गेटवरच्या वॉचमनने भोंगा बिघडल्याची तक्रार केली होती म्हणतात.

सगळी पोरं ओरडायची, विमल सोडून.

विमल दुसरीतच दुसऱ्यांदा बसलेली, आदल्या वर्षी परीक्षेला आजारी दाखवून निकालाबाहेर ठेवलेली. बाप ज्ञानोबा लातूरकडचा, ओतकामाच्या कारखान्यात कायम तिसऱ्या पाळीला. ही पोर दीड वर्ष माझ्या वर्गात होती आणि तिने एक शब्द उच्चारला नव्हता. हजेरीला नुसतं बोट वर. मनाच्या हजेरीलाही बोट, एक, दोन किंवा तीन. लघवीला जाऊ का, हेदेखील विचारता येत नसे, मग जागेवरच व्हायची. एकदा मी तिच्यावर खेकसलो, “तोंडात जीभ आहे की नाही?” अजून ते आठवलं की मला माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

हेडगुरुजींनी तिच्या नावापुढे पेन्सिलने ‘मंद’ लिहून ठेवलं होतं. हेडगुरुजी पिंपळे सौदागरहून सायकलला मेथीच्या जुड्या लावून यायचे. तसा माणूस वाईट नव्हता, पण निकाल शंभर टक्के लागला पाहिजे हे त्यांचं वेड. नापास पोर पटावर दिसण्यापेक्षा पोरच दिसू नये, असा त्यांचा सरळ मार्ग. वार्षिक तपासणी आली, दुसरीची तोंडी परीक्षा साहेब स्वतः घेणार, तेव्हा त्यांनी ज्ञानोबाला निरोप धाडला, मुलीचं नाव काढून घेतो म्हणून अर्जावर सही करायला या. ज्ञानोबानेही ‘येतो’ कळवलं. मुकी पोर शिकून काय करणार, घरी धाकट्याला सांभाळील.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मला एक शोध लागला. भोंगा चालू असताना मी विमलकडे बघत होतो. तिचे ओठ हलत होते. मी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला. ती साताचा पाढा म्हणत होती. सगळा, बिनचूक, घोगऱ्या आवाजात. भोंगा थांबला, तशी तीही थांबली, सुरीने कापल्यासारखी.

मी तसाच हेडगुरुजींकडे गेलो. “पोर मंद नाही. तिला आडोसा लागतो. दुसरीची तोंडी तीनला ठेवा.”

“भोंग्यात? साहेबांना ऐकू काय येणार, गुरुजी?”

“साहेबांना मी तिच्या तोंडाशी वाकवतो. ती एक जरी उत्तर बोलली तर अर्ज फाडायचा. नाही बोलली तर तुम्ही म्हणाल तसं.”

हेडगुरुजींनी बराच वेळ चष्मा पुसला. “ठीक. तीन म्हणजे तीन.”

तपासणीच्या दिवशी सगळं जमून आलं. पोरांच्या डोक्याला तेल, फळ्यावर सुविचार, साहेब प्रसन्न. ज्ञानोबा दारात उभा, धुतलेला पायजमा, तारवटलेले डोळे. तीनला पाच कमी असताना गजराबाई साहेबांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या.

“गुरुजी, घड्याळाकडं काय बघताय सारखं?”

“भोंग्याची वाट बघतोय.”

“आज बेस्तरवार. कंपनी बंद. भोंगा कुठला वाजतोय?”

इतकी वर्षं त्या पट्ट्यात काढली, गुरुवारच्या सुट्टीवरून सरकारला शिव्या घातल्या, आणि ऐन वेळी मी शाळामास्तरच निघालो. माझ्या डोक्यातल्या कॅलेंडरात सुट्टी म्हणजे रविवार. ज्ञानोबा आज येऊ शकला तो सुट्टी होती म्हणूनच, एवढंही मला सुचलं नव्हतं.

तीन वाजले. बाहेर चिटपाखरू नाही. मी आधीच सुचवून ठेवल्याप्रमाणे साहेबांनी पटावर विमलच्या नावावर बोट ठेवलं. “ही मुलगी. ऊठ बाळ. साताचा पाढा म्हण.”

विमल उठली. खिडकीतून कारखान्याकडे बघत राहिली. ओठ मिटलेले. साहेब थांबले. हेडगुरुजींनी अर्जाची घडी उलगडली. ज्ञानोबाने मान खाली घातली.

मागच्या रांगेत शकुंतलाने एकदा विमलकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी तिला खूण केली नाही. इतर बाबतीत मी वाढवून सांगतो, इथे नाही. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि हळूच सुरू केलं, “ऊंऽऽऽ”. शेजारच्या फिटरने धरलं. मग त्याच्या शेजारच्याने. चार सेकंदांत सत्तावन्न पोरांचा भोंगा लागला. पत्रे वाजायला लागले, तांब्यातलं पाणी हिंदकळलं. मी गोंगाट करविला हे धादांत खोटं आहे. मी फक्त थांबवला नाही.

साहेबांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि हेडगुरुजींकडे वळून “बंद करा, बंद करा हे” म्हणून ओरडायला लागले. आणि विमलचे ओठ हलले.

आता खरा भोंगा मिनिटभर वाजतो, पण दुसरीतल्या पोरांची छाती केवढी. दम संपला. आवाज एकाएकी पडला. मी मनात म्हटलं, गेलं. पण विमलने डोळे मिटलेले होते, तिला कळलंच नाही की काय, कुणास ठाऊक. त्या गप्प वर्गात तिचा एकटीचा आवाज येत राहिला. “सात सक बेचाळीस. सात साते एकोणपन्नास. सात आठे छप्पन्न. सात नवे त्रेसष्ट. सात दाहे सत्तर.” म्हणून झाल्यावर तिने डोळे उघडले आणि खाली बसली.

साहेबांची बोटं अजून कानात होती. ते अजून “बंद करा” म्हणत होते.

मी म्हटलं, “साहेब, तिने म्हटला.”

“काय म्हटला? हा काय प्रकार आहे? ही शाळा आहे की मंडई?”

“पाढा म्हटला. सगळ्यांनी ऐकला.”

“मी ऐकलेला नाही. पुन्हा म्हणायला सांगा.”

विमल पुन्हा उठली. पण आता ओठ शिवल्यासारखे. साहेबांनी तोंडी परीक्षेच्या कागदावर शून्य काढलं आणि लाल शाईचं पेन उघडलं. दीड वर्षाने एका पोराचा गळा मोकळा झाला आणि खात्याच्या माणसाने ते टळेपर्यंत कानात बोटं घालून ठेवली. आजही मला कुणी विचारलं की शिक्षण खातं म्हणजे काय, तर मला ती दोन बोटं दिसतात.

हेडगुरुजी अर्ज घेऊन दाराशी गेले. “ज्ञानोबा, इथे सही करा. ठरल्याप्रमाणे.”

ज्ञानोबा हलला नाही. म्हणाला, “लेकरानं पाढा म्हनला की.”

“साहेबांनी ऐकला नाही.”

“म्या ऐकला. सत्तरपत्तूर.”

“तुम्ही ऐकून काय उपयोग?”

“मंग कुनी ऐकायचा?” ज्ञानोबा म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. “गुरुजी, गावाकडं ही लई बडबड करायची. शेजारपाजारचं वैतागायचं. हितं आल्यापून गप झाली. मला वाटलं, पोरगी शानी झाली. समदी चाळ म्हनायची, गुणाची हाय, आवाज न्हाई तिचा.” त्याने विमलकडे बघितलं. “मला वाटलं, शानी झाली.”

‘शिस्त अनुकरणीय’ म्हणून मीही मिशीवरून हात फिरवला होता.

ज्ञानोबाने पुढे केलेला अर्ज हाताने मागे सारला. “नापास करा. पुन्हा दुसरीत बसंल. पर शाळा सुटायची न्हाई.”

हेडगुरुजींचा शंभर टक्के निकाल त्या वर्षी गेला आणि ते माझ्याशी जूनपर्यंत बोलले नाहीत. मला लाल शेरा मिळाला, त्याच्या जोरावर पुढे कधी मुख्याध्यापक होता आलं नाही, आणि जूनमध्ये चाकणच्या पुढे दोन शिक्षकी शाळेवर बदली झाली. माझ्या जागी आलेल्या गुरुजींनी मनाची हजेरी बंद केली. वर्ग शांत झाला असं कळलं. त्यांना निळा शेरा मिळाला.

पण तपासणीनंतरचा रविवार राहिला. मला चैन पडेना, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास मी ज्ञानोबाच्या चाळीकडे गेलो. शनिवारची रात्रपाळी करून तो झोपला असणार, म्हणून मी चपला लांबच काढल्या आणि चोरासारखा दाराशी गेलो. आतून भांडण ऐकू येत होतं. पाटी कुणाची यावरून. एक आवाज बारका, एक घोगरा.

ज्ञानोबा मधोमध चटईवर आडवा होता, तोंड उघडं, घोरत. दोन्ही कानांत कापसाचे एवढाले बोळे, वरून रुमालाने डोकं आवळून बांधलेलं, दाढदुखीच्या माणसासारखं. त्याच्या पायांवरून उडी मारून विमलने भावाच्या हातातली पाटी हिसकावली.

तिची आई चुलीपाशी होती. मला बघून तिने पदर सावरला. सवयीने तिचं बोट तोंडाकडे गेलं, आणि अर्ध्यातच खाली आलं.

“कापूस त्यांनीच घातला,” ती म्हणाली. “म्हनले, गप मी ऱ्हातो. समद्या लाइनीतल्या रातपाळीवाल्यांला वाटून आलेत. लोक हसत्यात.”

विमल पाटी पोटाशी धरून माझ्याकडे बघत उभी होती. कपाळाला आठी.

“आज सुट्टी हाय की,” ती म्हणाली. “तुमी कशाला आलाव?”

दीड वर्षात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आई गडबडीने म्हणाली, “अगं, गुरुजींला असं बोलू न्हाई.”

मी म्हटलं, “बोलू द्या.”